बाराशे माणसांतली मी

१ सप्टेंबर, सोमवार

नातीने ही वही टपालाने पाठवली. दूर शिकायला गेल्यापासून तिला माझी जास्तच काळजी. सोबत चिठ्ठी: "आजी, मनात येईल ते लिही. कुणी वाचणार नाही." आता, कुणी वाचणार नाही असं मुद्दाम सांगितलं की माझ्या डोक्यात पहिला किडा वळवळतो. म्हणून वही माझ्या कपाटात चादरींच्या थप्पीत ठेवणार, वरून तिसऱ्या चादरीच्या घडीत. इस्पितळाच्या धुलाईखान्यात मी एकतीस वर्षं चादरींच्या घड्या घातल्या. माझ्या घडीला कुणी हात लावला तर मला लांबून कळतं.

वहीला लाल रंगाची फीत आहे, कुठपर्यंत आलो ते पानात दाबून ठेवायला. फार आवडली. पण वर्षाचे आठ महिने उलटून गेल्यावर छापील तारखांची वही पाठवायची, म्हणजे दुकानदाराने पोरीला नक्की गंडवलं.

मी तिसरीपर्यंत शिकले. अक्षर मोठं येतं, त्यामुळे पानात फारसं मावत नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

सूनबाई आज कामावरून उशिरा आली. ती गणवेश शिवण्याच्या कारखान्यात कॉलर बसवते, दिवसाला दोनशे. पाणी प्यायला गेले तर बाई स्वयंपाकघरात उभ्या उभ्या डब्यातून चमच्याने काहीतरी खाते आहे. पेस्ट्री! वर चेरी. एकच.

मला बघून दचकली. "घ्या ना आई, अर्धी."

"मला नको गोड. कुठून आली?"

"कामावरून."

त्या कारखान्यातून एकोणीस वर्षांत साधी टाचणी घरी आली नाही, आज चेरीवाली पेस्ट्री? आणि गळ्यात नवा स्कार्फ. हिरवा. हिरवा रंग चष्मेवालीचा, हे आता शेंबडं पोरही सांगेल.

म्हणजे बघा, पुढच्या महिन्यात राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आहे. एकीकडे साहेब, अकरा वर्षं खुर्चीत. दुसरीकडे ही चष्मेवाली, आधी शाळेत गणित शिकवायची. साहेबांचा रंग निळा. सगळीकडे एकच बोलणं, कोण येणार? आणि ज्याला विचारावं तो म्हणतो, साहेबच येणार, दुसरं कोण.

सूनबाई पक्षाच्या कामाला लागली की काय? पेस्ट्री वाटून माणसं फोडतात असं ऐकलंय. लिहून ठेवते.

६ सप्टेंबर, शनिवार

आज काय झालं! 

सकाळी टेबलावरचा फोन वाजला. सूनबाईचे हात ओले, म्हणून मी उचलला. एक पोरगी. आवाज गोड, म्हणून आधी मला संशय आला. म्हणाली, "आम्ही निवडणुकीबद्दल लोकांची मतं गोळा करतो. घरात अठरा वर्षांवरची किती माणसं?"

"तुला कशाला गं?" मी म्हटलं. "चोरी करायला येणार आहेस का?"

ती हसली. म्हणे देशभरातून बाराशे माणसं निवडायची आहेत, पाच आठवडे दर शनिवारी त्याच माणसांना विचारायचं. मी सांगितलं, तीन माणसं. मी, मुलगा, सून.

"तर आजी, तुमच्या तिघांत सगळ्यात अलीकडे वाढदिवस कुणाचा झाला?"

हे काय नवीन? मी खोदून विचारलं. तिने समजावलं, फोन उचलेल त्यालाच विचारलं तर फक्त घरी बसणाऱ्यांचीच मतं येतात. म्हणून ज्याचा वाढदिवस नुकताच होऊन गेला, त्याला धरायचं. चिठ्ठी टाकल्यासारखंच.

"मग माझाच!" मी म्हटलं. "अठ्ठावीस ऑगस्ट!"

खरं म्हणजे माझा जन्म कधीचा ते आईलाही धड आठवत नव्हतं. मोठा पूर आला त्या साली, एवढंच. ओळखपत्र काढायला गेले तेव्हा कारकुनाने विचारलं, मी सांगितलं पूर. त्याने जांभई दिली, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि त्या दिवसाचीच तारीख टाकली. माझा वाढदिवस म्हणजे त्याचा कंटाळा. पण तेव्हापासून दर अठ्ठावीस ऑगस्टला मुलगा फुलं आणतो, सूनबाई केक करते. अजून एकदाही चुकली नाही, हे मात्र कबूल करायला हवं.

तर निवड माझी झाली! तिने विचारलं, "कुणाला मत देणार?" मी म्हटलं, अजून ठरलं नाही. मग विचारलं, "आणि तुम्हाला काय वाटतं, निवडून कोण येईल?"

तुम्हाला काय वाटतं. त्र्याहत्तर वर्षांत मला हे कुणी विचारलं होतं? इस्पितळात नाही. लग्न ठरवताना नाही. पडद्याचा रंग ठरवताना नाही. मला एकदम रडूच यायला लागलं, म्हणून घाईने म्हणून टाकलं, "साहेब."

सूनबाई ओले हात तसेच धरून माझ्यापुढे उभी होती. मी "माझाच" म्हटलं तेव्हा तिने तोंड उघडलं होतं. मिटलं. आत गेली. जळली असणार.

८ सप्टेंबर, सोमवार

वरच्या मजल्यावरच्या कर्नलला सांगितलं. तो कर्नल वगैरे नाही, बँकेच्या दारावर पहारेकरी होता, पण मिशी तशी आहे. त्याने लगेच पेन काढलं.

"मतदार तीन कोटी साठ लाख. भागिले बाराशे. वहिनी, तुम्ही एकट्या म्हणजे तीस हजार माणसं!"

"हळू बोल," मी म्हटलं.

पण संध्याकाळपर्यंत जिन्यात सगळ्यांना कळलं. पाववाल्याने आज मला स्वतःहून मऊ पाव निवडून दिला. "मावशी, साहेबच सांगा हं. साहेबांशिवाय आहे कोण?" त्याच्या गल्ल्यामागे साहेबांचा मोठा फोटो, कोट घातलेला. कालपर्यंत हाच पाववाला मला शिळा पाव द्यायचा. तीस हजार माणसांना म्हातारीसारखं वागवता येत नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

दुसरा फोन. सकाळपासून केस विंचरून बसले होते, फोनवर दिसत नाही हे माहीत असून. पुन्हा "साहेब" म्हटलं. पोरगी "धन्यवाद आजी" म्हणाली. तिला विचारलं, बाकीची बाराशे काय म्हणतात? सांगता येत नाही म्हणे. म्हणजे काहीतरी लपवतायत.

वहीची फीत मी ठेवली होती त्याच्या एक पान मागे सापडली. तिसरी चादरही जरा तिरकी होती. कोण आलं होतं कपाटात? मुलाला वाचनाचा कंटाळा. तो लिफ्ट दुरुस्त करतो, सूचनापत्रकसुद्धा वाचत नाही. राहिली कोण?

१७ सप्टेंबर, बुधवार

संध्याकाळी कामावरून आल्यावर सूनबाई स्वयंपाकघरात दबक्या आवाजात फोनवर बोलत होती. मी दारामागे उभी होते. ऐकायला नव्हते उभी, कंबर धरली होती.

ती म्हणत होती, "नाही गं. कुणाच्या लक्षातच नाही आलं... मी पण नाही बोलले काही. बघूया तरी, किती दिवस जातात ते... हो, स्कार्फ घेतला ना, माझा मीच... तू काही बोलू नकोस आजीला. शपथ आहे तुला."

झालं! कट आहे. मला कळू द्यायचं नाही, कुणाच्या लक्षात आलेलं नाही, किती दिवस जातात ते बघायचं. निवडणुकीबद्दलच बोलत होती, दुसरं काय. आणि स्कार्फ स्वतःच घेतला म्हणे. मग पेस्ट्री कुणी दिली?

जेवताना मी मुद्दाम विचारलं, "सूनबाई, तुला काय वाटतं गं, चष्मेवाली येईल?"

ती ताट उचलत म्हणाली, "नाही येणार. चांगल्या बाईला शेवटी कुणी विचारत नाही, आई."

मुलगा मोबाईलमध्ये बघत "हं" म्हणाला. तिने त्याचं ताट उचललंच नाही. तसंच ठेवून गेली. हेही लिहून ठेवते.

२० सप्टेंबर, शनिवार

तिसरा फोन. त्याआधी मुलगा माझ्याजवळ येऊन बसला, म्हणाला, "आई, मत कुणालाही दे. पण फोनवर साहेबच म्हण. नंबर त्यांच्याकडे आहे, पत्ता असेल. कुठे कसली नोंद होते, आपल्याला काय माहीत?"

"सगळे असंच करत असतील का रे?"

"शहाणे सगळे असंच करतात."

म्हटलं, साहेब. पण दिवसभर चैन पडेना. मी घाबरून साहेब म्हणते, पाववाला घाबरून साहेब म्हणतो, मग मला वाटतं की पाववाल्याला साहेब वाटतायत आणि त्याला वाटतं मला. सगळे एकमेकांकडे बघून साहेब साहेब करतायत. आणि आतून? आतून कुणाला काय वाटतं ते त्या पोरीला कसं कळणार?

धुलाईखान्यात असताना मोठे डॉक्टर म्हणायचे, वॉर्डात सगळं ठीक आहे. पण आम्हाला खाली चादरी यायच्या. किती आल्या, कशा आल्या, त्यावरून कुठल्या वॉर्डात काय चाललंय ते आम्हाला आधी कळायचं. तोंडाने माणूस काहीही सांगतो. मी आता चादरी बघणार.

२४ सप्टेंबर, बुधवार

पाववाल्याकडे गेले. तोंडाने, "साहेबच मावशी, साहेबच." आणि गल्ल्यामागे भिंतीवर फोटो नाही!

"फोटो कुठाय रे?"

"पुसायला काढलाय."

पुसायला. खिळा मात्र तसाच. खिळ्याखालचा फोटोएवढा चौकोन भिंतीपेक्षा उजळ दिसत होता आणि त्या चौकोनावर दोन-तीन दिवसांचं पीठ बसलेलं होतं. भिंत उघडी पडून तेवढे दिवस झाल्याशिवाय पीठ कसं बसेल? पुसायला काढलेला फोटो त्याच दिवशी परत लागतो.

मग कर्नलच्या दारावरून आले. पूर्वी दारावर निळी झेंडी होती. आता झेंडी नाही, नुसता दोरा. विचारलं तर म्हणाला, "वाऱ्याने नेली." जिन्यात कुठला वारा?

लोक चष्मेवालीचं नाव घ्यायला घाबरतायत, पण साहेबांना हळूच खाली उतरवतायत. मला असा आनंद झाला, की दोन जिने न थांबता चढले.

२७ सप्टेंबर, शनिवार

सांगितलं! चौथ्या फोनला पोरीने विचारलं, "कोण येईल असं वाटतं?" आणि मी मोठ्याने म्हणाले, "चष्मेवाली! आणि मतही तिलाच. लिहून घे."

पलीकडून हळूच, "आजी, नक्की ना?"

"नक्की. पत्ता पण लिही हवं तर."

मुलगा डोक्याला हात लावून बसला. सूनबाई दारात होती. माझ्याकडे अशी बघत राहिली, की मला कळेना, खूश आहे की मारायला येते. मग म्हणाली, "आई, चहा टाकू?" नेहमी विचारत नाही, आपला टाकते.

संध्याकाळी फीत परत एक पान मागे.

२९ सप्टेंबर, सोमवार

टीव्हीवर आकडे आले. साहेब शंभरात अठ्ठेचाळीस, चष्मेवाली चव्वेचाळीस. गेल्या आठवड्यात एक्केचाळीस होती! मुलगा म्हणाला, "त्यात तुझं काय आहे, आई?" मी म्हटलं, तीस हजार माणसं माझी आहेत त्यात. रात्री जेवण जास्त गेलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज लिहावंसं वाटत नाही. पण लिहिते.

परवा मतदान, म्हणून मुलाने तिघांची ओळखपत्रं टेबलावर काढून ठेवली. मी आकडे वाचत बसले. आकडे मला चांगले येतात, चादरी मोजून मोजून. माझं कार्ड, अठ्ठावीस, आठ. मुलाचं, अकरा, दोन. सूनबाईचं: दोन, नऊ.

दोन, नऊ म्हणजे दोन सप्टेंबर.

पहिला फोन आला सहा तारखेला. माझ्या अठ्ठावीसनंतर तिचा दोन. तिचाच वाढदिवस अलीकडचा. निवड तिची होती.

मी वही काढून दोन सप्टेंबरचं पान उघडलं. माझ्याच मोठ्या अक्षरात लिहिलेलं. उशिरा आली. उभ्या उभ्या. चमच्याने. पेस्ट्री, एकच. आणि मी विचारलं होतं, कुठून आली.

सतरा तारखेचं पानही वाचलं. कुणाच्या लक्षातच नाही आलं. तू काही बोलू नकोस आजीला. म्हणजे फोनवर नात होती. सुट्टीत आली की दर वेळी मला तारखा पाठ करायला लावायची, आणि मी म्हणायची, माझीच खरी नाही, बाकीच्यांच्या कशाला.

एकोणीस वर्षं ती माझ्या खोट्या तारखेला केक करते आहे. मी आणि मुलाने तिच्या खऱ्या तारखेला काय केलं ते आठवून बघितलं. काहीच आठवेना.

तोंडावर कसं बोलू? आयुष्यात सूनबाईची माफी मागितली नाही, जीभ वळायची नाही. दोन सप्टेंबरच्या पानावर खाली जागा होती. तिथे लिहिलं. काय ते इथे लिहीत नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

शेवटचा फोन. मी दुसऱ्या घंटेला उचलला.

"आजी, आज शेवटचा प्रश्न हं..."

"थांब. तुझ्या बाराशेत एक चूक आहे. ती चूक मी." आणि सगळं सांगितलं. कारकुनाचा कंटाळा, अठ्ठावीस, दोन, सहा.

पोरगी म्हणाली, "अहो आजी, कशाला सांगितलंत? आता मला वरच्यांना कळवावं लागेल. तुमचे चारही आठवडे काढून टाकतील."

"चष्मेवाली म्हटलं होतं, ते पण?"

"ते पण."

साहेब, साहेब, साहेब काढलेत तर काढा. पण ते एक? ते म्हणायला मला त्र्याहत्तर वर्षं लागली होती. मुलगा खुणा करत होता, ठेव, फोन ठेव. ठेवला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. आकड्यात तीस हजार माणसं माझीच राहिली असती.

"काढ," मी म्हटलं. "आणि जिचा वाढदिवस आहे तिला विचार."

तिने कुणाला तरी विचारलं, बराच वेळ नुसती खरखर. मग म्हणाली, एका फेरीसाठी चालेल, द्या त्यांना.

सूनबाई भांडी घासत होती. मी फोनची लांब वायर ओढत आत गेले आणि म्हटलं, "तुझा आहे."

"माझा? कुणाचा?"

"तुझा वाढदिवस अलीकडचा. दोन तारखेचा. घे."

तिने हात पुसले. बराच वेळ पुसले. मग फोन घेऊन मागच्या गॅलरीत गेली आणि काचेचं दार ओढून घेतलं. अकरा मिनिटं बोलली. मला कधी सातच्या वर लागली नव्हती. अकरा मिनिटं काय बोलत होती? काचेतून दिसत होतं, एकदा हसली, एकदा डोळ्याला स्कार्फ लावला.

बाहेर आल्यावर मी लगेच विचारलं, "कोण येणार म्हणालीस?"

"ते गुप्त असतं, आई," ती म्हणाली आणि भांड्यांकडे गेली. माझ्याच घरात माझ्यापासून गुप्त! पण चिडायचं कसं ते सुचेना.

मुलगा बिचारा टेबलाशी उभा होता. "दोन सप्टेंबर?" मला विचारतो. मी म्हटलं, "मला काय विचारतोस, जा पेस्ट्री आण. चेरीवाली."

५ ऑक्टोबर, रविवार

मत दिलं. रांगेत सूनबाई माझ्यापुढे, हिरवा स्कार्फ. पाववाला आमच्या मागे, घाम पुसत सगळ्यांना सांगत होता, मी तर पहिल्यापासून कुणाबद्दलच काही बोललो नाही. कर्नल म्हणाला, "वहिनी, तुमच्या तीस हजार माणसांनी काय ठरवलं?" मी म्हटलं, "ती आता हिची आहेत, हिला विचार." सूनबाईने मागे वळून बघितलं. मग सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्हाला काय वाटतं आई, कोण येईल?"

ना कुणी लिहून घेत होतं, ना कुठे मोजणार होतं. मी तिच्या कानात सांगितलं.

काल आणलेल्या पेस्ट्रीचे तिने तीन तुकडे केले. माझा मोठा आणि चेरीही माझ्याच तुकड्यावर. असं का केलं असेल? मला संशय येतोय. पण खाल्ली.

६ ऑक्टोबर, सोमवार

मोजणी चालू आहे. कधी साहेब पुढे, कधी चष्मेवाली. पाववाल्याच्या भिंतीवर अजून नुसता खिळा.

दुपारी वही काढली. तिसरी चादर तिरकी नव्हती. माझ्यापेक्षा चोख घडी, कॉलर बसवणाऱ्या हाताची. मी फीत कालच्या पानात ठेवली होती.

आज ती दोन सप्टेंबरच्या पानात होती.